‘जोषयेत्’ : स्वकर्मावरील प्रीती दुसऱ्यांत कशी उतरते

भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सव्विसाव्या श्लोकात ‘जोषयेत्’ असे एक क्रियापद योजिले आहे. नित्यपाठ करणाऱ्यांच्या मुखातून ते रोज सहज निघून जाते. परंतु गीतेचा अनुवाद करू पाहणाऱ्यास तेथे थबकावे लागते. श्लोकाचा एकंदर आशय स्पष्ट आहे. कर्मात गुंतलेल्या अज्ञ जनांचा ज्ञान्याने बुद्धिभेद करू नये. स्वतः योगयुक्त राहून सर्व कर्मे नीट आचरीत असावे, आणि त्यांच्याकडून ती कर्मे – येथे काय लिहावयाचे? शंकराचार्यांनी आपल्या भाष्यात या पदाचा अर्थ ‘करवून घ्यावीत’ असा दिला आहे. रामानुजाचार्य त्याच पदाचा अर्थ सांगताना त्या जनांच्या ठिकाणी कर्माविषयी प्रीती उत्पन्न करावी, असे म्हणतात. दोन्ही आचार्य थोर असल्यामुळे एकाचे खरे व दुसऱ्याचे खोटे असे म्हणण्याचा प्रश्न येत नाही. तथापि या दोन अर्थांत जे अंतर आहे, ते प्रत्येक गृहस्थास आपल्या घरात व आपल्या धंद्यात रोज अनुभवास येणारे आहे. काम करवून घेणे निराळे आणि कामाची गोडी लावणे निराळे.

धातुपाठात ‘जुष्’ या धातूचे प्रीती आणि सेवन असे दोन अर्थ सांगितले आहेत. एखादी वस्तू आवडीने सेविणे, तिच्यात रुची घेऊन रमणे, हा त्या धातूचा मूळ भाव होय. ‘जोषयेत्’ हे त्याचे प्रयोजक रूप. म्हणजे दुसऱ्यास आवडीने सेवावयास लावावे. बोलण्यातील ‘जोश’ या शब्दाशी या धातूचे नाते जोडण्याचा मोह कोणासही व्हावा, परंतु तसे नाते नाही. ‘जोश’ हा शब्द फारसीतून आलेला असून त्याचा अर्थ उकळी असा आहे. ध्वनीचे हे साम्य योगायोगाचे असले तरी बोधप्रद आहे; कारण उकळी येते तशी ओसरतेही, आणि ‘जोष’ म्हणजे तर चवीने, सावकाश, पुन्हा पुन्हा सेवन करणे. पुष्कळ लोक पहिल्यालाच दुसरे समजतात.

या श्लोकात आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दुसऱ्यास कर्माची गोडी लावावी असे सांगताना भगवंतांनी बोलण्याचा वाचक असा एकही धातू वापरलेला नाही. सांगावे, उपदेशावे, समजवावे, दटवावे, यांपैकी काहीच तेथे नाही. आहे ते ‘समाचरन्’ हे वर्तमानकालवाचक धातुसाधित. म्हणजे आचरीत असता, त्या आचरणाच्या योगानेच. पाच श्लोक मागे, श्रेष्ठ पुरुषाचे अनुकरण इतर लोक करितात असे जेथे सांगितले आहे, तेथेही श्रेष्ठ जे बोलतो ते, असे म्हटलेले नाही. तो जे आचरितो ते, असे म्हटले आहे. लोकसंग्रहाच्या या सबंध प्रकरणात जनकादिकांचे उदाहरण येते, स्वतः भगवंतांचे उदाहरण येते, आणि प्रत्येक ठिकाणी भर आचरणावर आहे. गीता स्वतः उपदेशरूप ग्रंथ असूनही उपदेशाच्या मर्यादेची जाणीव तिला इतकी स्पष्ट आहे, ही तिच्या अभ्यासकाने विचार करण्याजोगी गोष्ट होय.

येथे एक शंका उभी राहते आणि ती टाळून पुढे जाणे बरे नव्हे. गीता आसक्ती सोडावयास सांगते. मग कर्मावर जीव जडलेला मनुष्य हा गीतेच्या दृष्टीने बद्ध नव्हे काय? आणि जो आसक्त नाही, ज्यास कर्मफलाची ओढ नाही, त्याच्या कर्मात ती गोडी यावी कोठून, की जी पाहून दुसऱ्यास हुरूप वाटेल? याचे उत्तर पंचविसाव्या श्लोकात आहे. आसक्त अज्ञानी जसे कर्म करितात तसेच अनासक्त ज्ञान्याने करावे, असा तेथे दृष्टान्त आहे. ‘जसे–तसे’ या तुलनेकडे बहुधा दुर्लक्ष होते. लोभी व्यापारी पहाटे उठून जेवढ्या बारकाईने हिशेब पाहतो तेवढीच बारकाई ज्ञान्याच्याही कामात असावी. कष्टात, लक्षात, काटेकोरपणात रेसभरही उणे असू नये. उणा असावा तो केवळ ‘मला काय मिळेल’ हा हव्यास. अठराव्या अध्यायात हे अधिक उलगडून येते. स्वतःच्या कर्मात ‘अभिरत’ असलेला मनुष्य सिद्धी पावतो, असे तेथे म्हटले आहे. अभिरत म्हणजे पूर्णपणे रमलेला. उदासीन किंवा कसेबसे काम उरकणारा नव्हे. सात्त्विक कर्त्याच्या लक्षणांत तर आसक्तीचा व अहंकाराचा अभाव आणि धृती व उत्साह यांची जोड एकाच श्लोकात सांगितली आहे. राजस कर्त्याचे पहिले लक्षण मात्र ‘रागी’ असे आहे. रती आणि राग हे दोन शब्द मराठीत आणताना अनुवादकाची तारांबळ उडते, कारण मराठीत राग म्हणजे क्रोध. परंतु आपली भाषा येथे नकळत एक खरी गोष्ट सांगून जाते. ज्यास कामाचा केवळ राग, म्हणजे लोभमूलक ओढ, असते तो काम बिघडताच दुसऱ्यावर रागावतो.

हा भेद शब्दांनी जितका सांगावा तितका अधिक सूक्ष्म होत जातो. म्हणून एका प्रत्यक्ष कार्याकडे वळणे बरे. ते कार्य गीतेशी निगडित आहे, किंबहुना गीता ज्याच्या कुशीत आहे त्या महाभारताचेच ते कार्य होय.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना १९१७ साली झाली, आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचा संकल्प लवकरच तेथे सोडण्यात आला. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी द्रव्यसाहाय्याचे वचन दिले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हस्ते आरंभाचा मंगल-श्लोक लिहून कामाचा प्रारंभ झाला. १९२३ साली विराटपर्वाची एक नमुनादाखल आवृत्ती निघाली. पण काम अवाढव्य होते. काश्मीर, नेपाळ, मिथिला, बंगाल, आंध्र, तमिळनाड, केरळ अशा सर्व प्रांतांतल्या पोथ्या मिळवावयाच्या, शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम अशा निरनिराळ्या लिप्यांतला पाठ अक्षरशः ताडून पाहावयाचा, आणि त्यातून जो प्राचीनतम पाठ हाती लागेल तो सिद्ध करावयाचा. एकट्या आदिपर्वाच्या २३५ पोथ्यांचा शोध लागला. त्यांपैकी साठांचे पाठभेद त्या पर्वाच्या आवृत्तीत नोंदले गेले.

१९२५ साली या कामाची सूत्रे डॉ. विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या हाती आली. केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला होता तो गणिताचा. पुढे बर्लिनमध्ये ल्यूडर्स यांच्यापाशी त्यांनी संस्कृत व्याकरणावर प्रबंध लिहिला, आणि नंतर पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. त्या वेळी त्यांचे वय अडतीस वर्षांचे होते. त्यानंतरची साडेसतरा वर्षे, म्हणजे २१ जानेवारी १९४३ रोजी मृत्यू येईपर्यंत, त्यांचे महाभारतावाचून दुसरे जीवितकार्य असे राहिले नाही. १९२७ साली आदिपर्वाचा पहिला भाग निघाला आणि १९३३ साली ते पर्व पुरे झाले.

संशोधन मंदिरात पाठ ताडण्याची जी रीत होती ती समजून घेतली म्हणजे या कामाला कोणत्या जातीची निष्ठा लागत होती ते कळते. आडव्या-उभ्या रेघा आखलेला एक फूलस्केप कागद घ्यावयाचा. प्रचलित छापील पाठातील एक श्लोक त्याच्या वरच्या ओळीत ठळक अक्षरांनी लिहावयाचा. त्याखाली एकेका पोथीला एकेक आडवी ओळ. पोथीत ज्या अक्षराच्या जागी निराळे अक्षर असेल ते बरोबर त्याच अक्षराखाली उतरावयाचे. उजव्या बाजूस एक रुंद रकाना समासातील दुरुस्त्यांसाठी व अधिक श्लोकांसाठी राखलेला. असे प्रत्येक श्लोकास, आणि श्लोक तर हजारोंनी! हे काम करणारे होते उत्तरेकडील व दक्षिणेकडील लिप्या जाणणारे शास्त्री आणि काही पदवीधर तरुण. पुण्याखेरीज शांतिनिकेतनात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातही पोथ्या ताडण्याची व्यवस्था झाली होती. त्या कागदांवर बसणाऱ्यास कीर्ती मिळण्याचा संभव नव्हता. एखादे ‘च’ किंवा ‘तु’ चुकले तर ते कोणास दिसणारही नव्हते. पण वर्षानंतर संपादक पाठ ठरवावयास बसेल तेव्हा ती चूक त्याला फसवील, एवढे मात्र खरे. अशा कामात माणसे टिकतात ती धाकाने टिकत नाहीत. वर बसलेल्या माणसास त्या ‘च’ची किंमत किती आहे, हे खाली बसलेल्यास रोज दिसावे लागते.

सुखटणकरांच्या कामातील दोन गोष्टी या दृष्टीने मोलाच्या आहेत. पहिली त्या मंगल-श्लोकाची. नर, नारायण व सरस्वती यांना वंदन करणारा तो श्लोक उत्तरेकडील पोथ्यांत असला तरी दक्षिणेकडील परंपरेत आढळेना. ज्या श्लोकाने भांडारकरांसारख्या ऋषितुल्य पुरुषाने कार्यास आरंभ केला, जो भाविकांच्या जिभेवर पिढ्यान् पिढ्या आहे, त्याच्यासाठी नियमाला अपवाद करावा असे कोणास वाटले नसते? परंतु पोथ्यांच्या साक्षीचा जो नियम इतर श्लोकांना तोच त्यालाही लागला, आणि तो मुख्य पाठातून खाली टीपेत गेला. श्रद्धाळू वाचकास हे आजही खटकते, आणि खटकावे हेही योग्यच. त्या निर्णयावर त्या काळीही विद्वानांत मतभेद झाला. पण सहकाऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ एकच होता : येथे कोणाच्या मर्जीखातर, अगदी स्वतःच्या भक्तीखातरही, पाठ वळविला जाणार नाही.

दुसरी गोष्ट त्याहून लहान दिसते. जेथे निवडलेला पाठ निःसंशय ठरत नसेल तेथे त्याच्याखाली एक नागमोडी रेघ छापावी, अशी पद्धत त्यांनी ठेविली. स्वतःच्या ग्रंथाच्या पानापानांवर ‘येथे माझी खात्री नाही’ असे स्वतःच्याच हाताने लिहिण्यासारखेच ते होते. आदिपर्व प्रसिद्ध झाल्यानंतर नेपाळचे राजगुरू पंडित हेमराज यांच्याकडून त्या पर्वाची एक फार जुनी पोथी उपलब्ध झाली. पाठ आधी छापून गेलेला आणि साक्षीदार मागाहून आलेला, असा तो प्रसंग. छापलेले झाकून ठेवण्याकडे किंवा नवी पोथी कमी लेखण्याकडे रागी मनुष्याचा कल झाला असता. सुखटणकरांनी त्या पोथीवर स्वतंत्र प्रदीर्घ लेख लिहिला आणि आपला प्रत्येक महत्त्वाचा निर्णय तिच्यापुढे उभा केला. पुष्कळ ठिकाणी पोथीने त्यांचाच कौल दिला, हा आनंदाचा भाग. परंतु खरी गोष्ट आहे ती तिच्यापुढे निर्णय उभे करण्याची. कर्मावर प्रीती आहे पण ‘मी केले’ यावर नाही, याची याहून चांगली खूण सापडणे कठीण.

या एका माणसाच्या ध्यासाने सर्व काही घडले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. पैसा देणारे होते, पोथ्या देणारे होते, संस्था उभारणारे होते. काम त्यांच्या आधीही चालले होते. नवे घडले ते हे, की दूरदूरची माणसे या कामाकडे ओढली गेली. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीरांनी संपादिले, ते १९३६ साली निघाले. उद्योगपर्व ढाक्याच्या सुशीलकुमार दे यांनी संपादिले. ते १९४० साली निघाले. सभापर्वाचे काम अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या फ्रँक्लिन एडगर्टन यांनी हाती घेतले. प्रत्येकाचे स्वतःचे मोठे अध्ययन होते. महाभारताच्या एकेका पर्वाखाली आयुष्याची वर्षे गाडून घेण्याची त्यांना गरज नव्हती. पण आदिपर्वाची ती पाने ज्याने पाहिली त्याला, हे असे करता येते तर, असे वाटल्यावाचून राहत नसावे.

आता घराकडे यावे. घराघरांतून एक तक्रार ऐकू येते, की मुलांना कशाची आवड नाही. अभ्यासात मन नाही, वाडवडिलांच्या धंद्यात मन नाही. तक्रार करणारा गृहस्थ पुष्कळदा सज्जन असतो, मुलास बोधही करीत असतो. पण तोच गृहस्थ सायंकाळी घरी येतो तेव्हा काय बोलतो? वरिष्ठाची निंदा, सोबत्यांची उणीदुणी, ‘पोटासाठी करावे लागते’ हे पालुपद. दहा-बारा वर्षे हे कानांवर पडलेल्या मुलास मग एके दिवशी सांगितले जाते की कर्म हीच पूजा. सव्विसाव्या श्लोकातील ‘बुद्धिभेद’ या शब्दाचा अर्थ टीकाकार शास्त्रीय पद्धतीने सांगतात : ज्ञानाच्या मोठ्या गोष्टी सांगून कर्म करणाऱ्याचा कर्मावरील विश्वास उडविणे. परंतु गृहस्थाच्या घरी बुद्धिभेद करावयास ज्ञानाच्या गोष्टी लागत नाहीत. स्वतःच्या कामाविषयीचा रोजचा तिरस्कार तेवढ्यास पुरतो. भगवंतांनी ‘जोषयेत्’ म्हणण्यापूर्वी बुद्धिभेदाचा निषेध केला आहे, हा क्रम सहेतुक मानावयास हरकत नाही.

याच्या उलट बाजूचाही विचार केला पाहिजे. कित्येक घरांत कर्ता पुरुष कामात बुडालेला असतो, आणि तरीही मुले त्या कामाचा द्वेष करितात. दुकानावर किंवा कारखान्यात त्याच्याइतके राबणारा कोणी नाही. पण दुसऱ्याच्या हातचे त्याला काही पटत नाही. मुलाने मांडलेला हिशेब तो पुसून पुन्हा मांडतो, नोकराने बांधलेला गठ्ठा सोडून पुन्हा बांधतो, आणि ‘मी नसेन तर हे सगळे बसेल’ हे वाक्य त्याला तक्रारीसारखे नव्हे तर भूषणासारखे वाटते. कष्ट खरे, लक्ष खरे. पण ती गोडी स्वतःपुरती राखून ठेविलेली. त्याच्या हाताखालची माणसे केवळ हात होतात. तो गेल्यावर ते काम बसतेही, आणि त्याचे भाकीत खरे ठरते.

महाभारतातच याचा एक जुना प्रसंग आहे. कौशिक नावाचा तपस्वी ब्राह्मण मिथिलेच्या धर्मव्याधाकडे धर्म विचारावयास जातो, ही कथा वनपर्वात सर्वांच्या परिचयाची आहे. तेथे व्याध संवाद पुष्कळ करितो हे खरे. पण त्याच्या बोलण्याला वजन येते ते कौशिकाने त्याला आधी मांसाच्या दुकानात आपल्या धंद्यावर पाहिलेले असते म्हणून. आणि बोलून झाल्यावर तो त्याला घराच्या आतल्या भागात नेतो व आपले वृद्ध मातापिता दाखवितो. आपला प्रत्यक्ष धर्म तो हाच, असे म्हणतो. घर सोडून आलेल्या त्या तपस्व्यास आपल्या आईबापांकडे परत जावेसे वाटते ते हे पाहिल्यानंतर. सुखटणकरांनी स्वतः संपादिलेले दुसरे पर्व म्हणजे हेच, आरण्यकपर्व. ते १९४२ साली पुरे झाले.

त्याच काळात मुंबई विद्यापीठातर्फे महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्याने योजिली होती. आयुष्यभर अक्षरांचा हिशेब करणाऱ्या या पंडिताने त्या व्याख्यानांत महाभारताचा व्यावहारिक, नैतिक व पारमार्थिक अशा तिन्ही पातळ्यांवरचा अर्थ मांडला. पोथ्यांच्या रानात फिरताना त्याला ग्रंथाचा विसर पडला नव्हता. तीन व्याख्याने झाली. चौथे द्यावयाचे राहिले. त्यांचे हस्तलिखित मागे उरले होते, ते १९५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

मृत्यूच्या वेळी अठरा पर्वांपैकी आदी, आरण्यक, विराट आणि उद्योग ही चारच पर्वे पूर्णपणे बाहेर पडली होती. शांतिपर्वासारखे प्रचंड पर्व पुढे होते. महायुद्ध चालू होते. काम तेथेच थांबले असते तरी कोणी दोष दिला नसता. डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर यांनी सूत्रे घेतली. एडगर्टन यांचे सभापर्व १९४४ साली आले. उद्योगपर्व संपादून मोकळे झालेले सुशीलकुमार दे द्रोणपर्वासाठी पुन्हा परत आले. सौप्तिकपर्व ह. दा. वेलणकरांनी घेतले, शल्य आणि अनुशासन डॉ. रा. ना. दांडेकरांनी. कर्णपर्व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी केले. तेच १९६१ पासून प्रमुख संपादक झाले. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते पूर्ण झालेल्या महाभारताचे प्रकाशन झाले. सुखटणकरांना जाऊन तेव्हा तेवीस वर्षे उलटली होती. नागमोडी रेघ शेवटपर्यंत कायम होती.

बेलवलकरांनी संपादिलेले भीष्मपर्व १९४७ साली निघाले. त्यातील तेविसाव्या अध्यायापासून चाळिसाव्यापर्यंतचे अठरा अध्याय म्हणजेच भगवद्गीता. पंचविसाव्या अध्यायात, म्हणजे गीतेच्या तिसऱ्यात, सव्विसावा श्लोक ‘जोषयेत्’ या पाठासह उभा आहे. ती चार अक्षरे छापली जाण्यापूर्वी कोण्या एका शास्त्र्याने, आखलेल्या कागदाच्या वरच्या ओळीत ती पाहून, प्रत्येक पोथीत ती आहेत की नाहीत हे एकेक करून ताडून पाहिलेले आहे.